पेपर गेले, फ्लीट स्ट्रीट उरली

इंग्रजीतली मेटॉनमी आणि सिनेक्डकी ही अलंकारांची जोडगोळी भल्याभल्यांना चकवते. ‘ऑल हँड्स ऑन डेक’ अशी हाक दिली की नुसते हात थोडेच येतात, अख्खे खलाशी धावतात. भाग सांगून पूर्ण माणूस बोलावला, ही सिनेक्डकी. मेटॉनमीत नाव घेतलेली गोष्ट भाग नसते, तिचा नुसता संबंध असतो. लंडनची फ्लीट स्ट्रीट बघा, एकेकाळचा वर्तमानपत्रांचा अड्डा. १९८६ मध्ये माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांनी आपली वर्तमानपत्रं तिथून वॉपिंगला हलवली, पुढे बाकीच्यांनीही बाडबिस्तरा गुंडाळला. तरी ब्रिटिश पत्रकारितेला आजही ‘फ्लीट स्ट्रीट’च म्हणतात! (बातमी द्यायला तिथे जाऊ नका.) काही अभ्यासक सिनेक्डकीला मेटॉनमीचाच पोटप्रकार मानतात, तेव्हा सीमेवरच्या उदाहरणांवरून हमरीतुमरीवर येण्यात अर्थ नाही.