बायोप्सी झाली, रिपोर्ट बाकी आहे; मधल्या दिवसांतली भीती कशी हाताळायची?

कर्करोगाची शंका आली, तपासणीसाठी तुकडा घेतला आणि डॉक्टर म्हणाले, 'रिपोर्टसाठी आठवड्याने या.' हा आठवडा अनेकांना जड जातो. बीड जिल्ह्यात तर कर्करोगाच्या नुसत्या भीतीने मोठं नुकसान केलं आहे.

२०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसाठी जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं. त्यातील १३,८६१ जणींचं, म्हणजे साधारण दर सहा जणींमागे एकीचं गर्भाशय काढलेलं होतं. खाडा पडला की पैसे कापले जातात, फडावर शौचालय नसतं, अशी कारणं त्यामागे होतीच. पण 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' असं डॉक्टरांनी सांगितल्याचंही अनेक महिलांनी सांगितलं. म्हणूनच रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस नीट काढणं महत्त्वाचं आहे.

रिपोर्टला वेळ का लागतो?

काढलेला तुकडा खराब होऊ नये म्हणून फॉर्मलिनमध्ये ठेवतात. मग त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात, केसापेक्षाही पातळ काप घेतात, त्यांना रंग देतात आणि पॅथॉलॉजिस्ट ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. शंका राहिली तर आणखी काप किंवा विशेष चाचणी करावी लागते आणि त्यात आणखी काही दिवस जातात. त्यामुळे रिपोर्टला उशीर झाला म्हणजे तो वाईटच असणार, असं नाही.

थांबल्याने आजार वाढेल का?

गर्भाशयमुखाच्या पेशींत बदल सुरू झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा अनेक वर्षं जातात. रिपोर्टसाठी आठ-दहा दिवस थांबल्याने साधारणपणे उपचारांची संधी हुकत नाही. अंगावरून पांढरं जाण्यामागे अनेकदा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधांनी बरा होतो. पॅप स्मिअरमध्ये दोष आढळला तर पुढची तपासणी लागते. तेवढ्यावरून कर्करोग ठरत नाही. मात्र खूप रक्तस्राव, ताप किंवा असह्य वेदना असतील तर रिपोर्टची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जावं.

ऊसतोडीला निघायचं असेल तर?

दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात आणि रिपोर्ट रुग्णालयातच पडून राहू शकतो. निघण्यापूर्वी स्वतःचा आणि गावाकडच्या एका नातेवाइकाचा असे दोन मोबाइल नंबर रुग्णालयात द्या. केसपेपरचा फोटो काढून ठेवा. रिपोर्ट दुसऱ्या कुणाला घेता येईल का, हे विचारून घ्या. गावातल्या आशाताईंना कल्पना द्या.

मनाचं काय करायचं?

भीती वाटणं स्वाभाविक आहे, तो भित्रेपणा नाही. 'काही होत नाही' म्हणून विषय टाळण्यापेक्षा घरच्या एका विश्वासू माणसाशी मोकळं बोला. काळजीसाठी दिवसातला अर्धा तास ठरवा. मनात येणारे प्रश्न त्या वेळी वहीत लिहा आणि तीच वही डॉक्टरांपुढे उघडा. शेतातलं, घरातलं झेपेल तेवढं काम चालू ठेवा. रात्री मोबाइलवर लक्षणं शोधत बसू नका. छाती धडधडली तर श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. झोप उडाली, जेवण जाईना किंवा जगणं नकोसं वाटलं तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं. घरच्यांनीही रुग्णापासून रिपोर्ट लपवू नये. लपवालपवीने संशय वाढतो.

रिपोर्ट आल्यावर काय विचाराल?

रिपोर्टमध्ये कर्करोग स्पष्ट लिहिला आहे का? असेल तर कोणता आणि पुढच्या तपासण्या कोणत्या? नसेल तर शस्त्रक्रिया कशासाठी? औषधाने भागेल का? दुसरं मत घेण्यात संकोच नको. अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कर्करोगासाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आणि बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय जवळ आहे. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले उपचार बसतात का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे विचारा. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि मूळ रिपोर्ट सोबत ठेवा.