भूल घेण्याआधी सगळे सांगा, काही लपवू नका

ऑपरेशनची तारीख मिळाली की घरात पहिला प्रश्न निघतो: भूल दिल्यावर माणूस शुद्धीवर येईल ना? शीव कोळीवाड्यातली आपली बरीच माणसे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात नाहीतर परळच्या केईएमला जातात. कुठेही गेलात तरी ही माहिती उपयोगी पडेल.

विनयपिटकातल्या महावग्गात जीवक वैद्याने राजगृहाच्या श्रेष्ठीच्या डोक्यावर शस्त्रक्रिया केल्याचे वर्णन आहे. त्याआधी त्याने रोग्याला मंचकाला बांधले होते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात ईथरच्या वाफेने भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि पुढे ही पद्धत जगभर गेली.

आज भूल तीन प्रकारची असते. छोट्या कामाला तेवढीच जागा बधिर करतात. सिझेरियनसारख्या ऑपरेशनला बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. सुईच्या जागी काही दिवस दुखू शकते, पण त्यामुळे जन्मभर कंबर धरते ही समजूत खरी नाही. तिसरी पूर्ण भूल. तिच्यात माणूस गाढ झोपतो आणि भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत त्याचा श्वास, नाडी, रक्तदाब पाहत असतो.

उपाशी का ठेवतात?
पूर्ण भुलीत घसा सैल पडतो. पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. म्हणून साधारणपणे हलके खाणे ६ तास आधी, तेलकट किंवा मटण-मासे ८ तास आधी बंद करतात. दुधाचा चहा हेही खाणेच समजा. साधे पाणी बहुधा २ तास आधीपर्यंत चालते, पण आपल्या डॉक्टरांनी दिलेली वेळच पाळा. लेकरू रडते म्हणून गुपचूप बिस्कीट देऊ नका. चुकून काही खाल्ले गेले तर लगेच सांगा. ऑपरेशन पुढे जाईल, पण जीव वाचेल.

फिटनेसच्या तपासणीत काय सांगावे?
- मिश्री, तंबाखू, गुटखा, विडी, दारू. रोज पिणाऱ्याची दारू वॉर्डात एकदम सुटली की दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, तो बरळू लागतो. आधी कळले तर उपाय करता येतो. घरच्यांसमोर लाज वाटत असेल तर डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या म्हणा.
- दमा, फिट, हृदयविकार, औषधाची ॲलर्जी, गरोदरपण.
- पूर्वी स्वतःला किंवा रक्ताच्या नातेवाइकाला भुलीचा त्रास झाला असेल तर तो.
- हलणारा दात, कवळी.
- बीपी, शुगर, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या आणि झाडपाल्याची औषधे. गोळ्यांची पाकिटे सोबतच न्या. कोणती घ्यायची, कोणती थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील.

तंबाखू, विडी जितक्या लवकर सोडाल तितके चांगले. नेलपॉलिश काढून जा, बोटाला लावतात त्या यंत्रावर रक्तातला ऑक्सिजन दिसतो. दागिने घरीच ठेवा.

संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा देण्याआधी कोणती भूल, का आणि धोका काय, हे मराठीत समजावून सांगा म्हणा. तो आपला हक्क आहे.

त्याच दिवशी घरी सोडले तर सोबत कोणीतरी असू द्या. पुढचे २४ तास गाडी चालवू नका, दारूला शिवू नका. मळमळ, घसा दुखणे बहुधा एक-दोन दिवसांत जाते. पाठीतल्या इंजेक्शननंतर बसल्यावर डोके फार दुखू लागले, तर मात्र घरगुती उपाय न करता रुग्णालयात परत जा.