नोंदवहीतली माणसं आणि कचरणारे डॉक्टर

मराठवाड्यातल्या जमिनींच्या जुन्या कागदांवर फसली साल सापडतं. त्याच कालगणनेतल्या 1329 साली, म्हणजे 1919 च्या सुमारास, निजामाच्या हैदराबाद संस्थानाने तृतीयपंथीयांसाठी एक कायदा केला. औंढा नागनाथ, हिंगोली, परभणी हा सगळा मुलूख तेव्हा निजामाचाच. हैदराबाद शहरात, आणि सरकार जाहीर करील त्या इतर ठिकाणी, राहणाऱ्या ज्या तृतीयपंथीयांवर मुलं पळवल्याचा किंवा त्यांचं पुरुषत्व नाहीसं केल्याचा संशय असेल, त्यांची नावं-पत्ते नोंदवहीत घ्यायचे, असा तो कायदा. नुसता संशय पुरे. एकदा वहीत नाव चढलं की बाईच्या वेषात, दागिने घालून रस्त्यावर दिसणं हाच गुन्हा. नाचलं, वाजवलं तरी गुन्हा. वॉरंट न काढता अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. इंग्रजांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उत्तर हिंदुस्थानातल्या तृतीयपंथीयांना असंच वहीत घातलं होतं. हैदराबादचा कायदा त्याच वळणाचा.

त्यातल्या आणखी एका कलमाबद्दल फारसं बोललं जात नाही. संमती असो वा नसो, कुणाचंही पुरुषत्व नाहीसं करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा. जबरदस्ती करणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण सज्ञान माणसाने स्वतः मागितलेली शस्त्रक्रियाही गुन्हा ठरली, तेव्हा माणसाबरोबर त्याच्यावर उपचार करणाराही आरोपी झाला.

1948 साली संस्थान गेलं, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. तेलंगणात मात्र हा कायदा पुस्तकात तसाच राहिला. वैजयंती वसंता मोगली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये त्याविरुद्ध याचिका केली, आणि जुलै 2023 मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. त्याच वर्षी फेब्रुवारीत नागपूर पोलिसांनी कलम 144 खाली आदेश काढून तृतीयपंथीयांनी सार्वजनिक जागी जमून पैसे मागण्यावर आणि बोलावणं नसताना लग्न-बारशाच्या घरी जाण्यावर बंदी घातली होती. दमदाटी करून पैसे उकळणाऱ्याला धरायला कायद्यात कलमं आहेतच, आणि ती कुणाचं लिंग विचारत नाहीत. एका अख्ख्या समाजाचं नाव घेऊन आदेश काढला, की शंभर वर्षांपूर्वीची ती वही पुन्हा उघडते.

डॉक्टरांच्या मनातली भीतीही अशीच जुनी आहे. भारतीय दंडविधानाच्या कलम 320 मध्ये ‘जबर दुखापती’ची यादी होती आणि तिच्यात पहिलंच नाव पुरुषत्व नाहीसं करण्याचं. त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. सद्भावनेने आणि संमती घेऊन केलेल्या उपचाराला कायद्याचं संरक्षण आहे, तरी बरीच वर्षं ‘उद्या केस झाली तर?’ म्हणून अनेक शल्यचिकित्सक अशा रुग्णाला हात लावायला कचरत. मग उरायची समाजातलीच दाई. ना भूल, ना टाके. रक्तस्राव थांबला तर नशीब. कितीजणी त्यात गेल्या याची नोंद कोणत्याच वहीत झाली नाही.

डॉक्टर पुढे आले तर काय होतं, याचं मराठवाड्यातलंच उदाहरण बीडचं. माजलगाव तालुक्यातल्या राजेगावच्या पोलीस शिपाई ललिता साळवे यांनी 2017 मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्याने ती नाकारली. नोकरी महिला शिपायाची, पुरुष झाल्यावर ती टिकणार कशी, असा पेच. मुंबई उच्च न्यायालयाने हा सेवेचा प्रश्न म्हणून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जायला सांगितलं. शेवटी राज्य सरकारने परवानगी दिली आणि मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ललिताचे ललित झालेले साळवे नोकरीत राहिले, 2020 मध्ये त्यांनी लग्न केलं, पुढे बापही झाले. शस्त्रक्रिया करणारे डॉ. रजत कपूर आणि ते सरकारी रुग्णालय पुढे आले म्हणून हे झालं. वरून हिरवा कंदील मिळाला की डॉक्टर सापडतात, हे या प्रकरणात लख्ख दिसलं. तो मिळवायला एका शिपायाला मंत्रालयापर्यंत जावं लागलं, हेही दिसलं.

अमेरिकेत सध्या उलटी गंगा वाहते आहे. 2021 मध्ये आर्कान्सा राज्याने अठरा वर्षांखालच्या पारलिंगी मुलांना लिंगबदलाचे उपचार देण्यावर डॉक्टरांना बंदी केली, मग राज्यांमागून राज्यं. 2022 मध्ये बॉस्टनच्या बाल रुग्णालयाला बॉम्बच्या धमक्या आल्या. 18 जून 2025 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसीची अशीच बंदी सहा विरुद्ध तीन मतांनी उचलून धरली. लहान वयातल्या उपचारांवर वैद्यकशास्त्रात प्रामाणिक मतभेद आहेत आणि ते डॉक्टरांनी पुराव्यानिशी सोडवावेत. ते काम निवडणुकीच्या सभांनी हाती घेतलं की रुग्ण आणि डॉक्टर दोघेही भरडले जातात.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात सांगितलं, की आपलं लिंग कोणतं हे माणसाने स्वतः ठरवायचं, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट नको. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठी केलेल्या 2019 च्या कायद्याने मात्र ओळखपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला लावला, आणि त्यावर स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखला मागितला. लैंगिक अत्याचाराला त्यात कमाल शिक्षा दोन वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर किमान दहा.

औंढ्याच्या देवळात नामदेवांना मागे जाऊन कीर्तन करायला सांगितलं आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा इथल्या पोराटोरांना ठाऊक असते. त्याच तालुक्यातली पारलिंगी व्यक्ती दवाखान्यात केसपेपर काढायला उभी राहते, तेव्हा बायकांची रांग तिला पुरुषांकडे पाठवते आणि पुरुषांची बायकांकडे. भरती व्हायचं तर वॉर्ड कोणता, हा प्रश्न पुढे असतोच. ताप असला तरी चौकशी शरीराची.

औंढ्याच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, हिंगोलीत, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचं उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 ला झालं. त्याच्या सुमारे सव्वा महिना आधी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने अभ्यासक्रमात समलिंगी संबंध पुन्हा ‘अनैसर्गिक गुन्ह्यां’त घातले होते. देशभरातून ओरड झाली आणि 5 सप्टेंबरला ते मागे घ्यावं लागलं. घेतलं नसतं, तर हिंगोलीची पहिलीच तुकडी हे शिकून बाहेर पडली असती. हार्मोन उपचार, शस्त्रक्रिया, समुपदेशन यांची सोय करणं ही 2019 च्या कायद्याच्या कलम 15 ने सरकारची जबाबदारी ठरवली आहे. तेव्हा हिंगोलीच्या रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस असा बाह्यरुग्ण विभाग चालावा. मानसोपचारतज्ज्ञ आणि हार्मोनचं जाणणारा डॉक्टर तिथे बसावा, आणि केसपेपरवर रुग्ण सांगेल तेच नाव लिहिलं जावं. जिल्हाधिकारी आणि अधिष्ठाता यांनी मनावर घेतलं तर एवढ्यासाठी औंढ्याच्या माणसाला मुंबई गाठावी लागणार नाही.