शाहजोग निरोप

खानदेशातील व्यापारी घरांत आता एक नवी पिढी उभी राहिली आहे. वडील जळगावच्या दाणाबाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरील पेढीवर बसतात. मुलगा अथवा मुलगी बांभोरी किंवा शिरपूर येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन पुण्या-बंगळुरूस सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करते. दिवाळीला ही मुले घरी आली की घरातले सारे फोन त्यांच्यापुढे येतात. फोनमधील जागा रोज का संपते? कालपर्यंत येथे असलेले बटण आज कोठे गेले? एकदा सुरू केलेली वर्गणी बंद का होत नाही? आणि शेवटी, काहीशा रागाने, ‘हे तुम्हीच लोक बनवता ना?’

प्रश्न रास्त आहे. त्यातले तांत्रिक उत्तर सोपे आहे. सकाळच्या शुभेच्छांची चित्रे आणि चित्रफिती फोन आपोआप उतरवून घेतो आणि त्यांतच त्याची जागा संपते. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद करता येते. बटण हलते, कारण कंपन्या काही ग्राहकांना एक मांडणी आणि काहींना दुसरी दाखवून पाहतात आणि जिच्यावर बोटे अधिक पडतात ती ठेवतात. वर्गणी घेणे सुलभ आणि सोडणे अवघड, हा प्रकार तर शासनानेच दोषी ठरविला आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या अशा १३ क्लृप्त्यांची यादी जाहीर केली. न मागितलेली वस्तू बिलात घुसविणे आणि वर्गणीचा सापळा या दोन्ही तीत आहेत.

तथापि या तक्रारींच्या मुळाशी एक समान विचार आहे आणि तो समजून घेणे अधिक महत्त्वाचे. आमच्या व्यवसायात माणसाला क्षणभर थांबविणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ‘घर्षण’ म्हणतात आणि घर्षण काढून टाकणे हेच कौशल्य मानले जाते. पूर्वी संकेतस्थळावरील पान संपत असे व खाली ‘पुढे’ असे बटण असे. २००६ साली अझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने न संपणाऱ्या पानाची रचना केली आणि ते बटण अनावश्यक झाले. पान संपणे हा ‘अजून वाचायचे आहे का?’ असा एक मूक प्रश्न होता. तो नाहीसा झाला. पुढे रास्किन यांनीच या रचनेबद्दल जाहीर खेद व्यक्त केला आहे. अडथळा काढणे अनेकदा हिताचेच असते. यूपीआयने दुकानातील सुट्या पैशांचा त्रास संपविला, हे कोण नाकारील? परंतु काही अडथळे उंबरठ्यासारखे असतात. तेथे पाऊल आपोआप थबकते आणि थबकलेला माणूस विचार करतो.

हा उंबरठा नसला तर काय होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्याच धुळे जिल्ह्यात घडले. २०१८च्या उन्हाळ्यात मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश देशभर पसरले. त्यांतील एक चित्रफीत तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी तयार केलेल्या जनजागृतीपटातून कापलेली होती. शेवटचा खुलासा वगळल्यामुळे बनावट अपहरण खरे भासत होते. १ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजार होता. भिक्षा मागत फिरणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. जमावाला त्यांचा संशय आला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले गेले आणि तेथेच मारहाणीत पाचही जणांचा अंत झाला. त्यांतील कोणीही मुले पळविणारा नव्हता.

हे कृत्य फोनने केले असे म्हणणे चुकीचे ठरेल. हात माणसांचेच होते आणि अपराधही त्यांचाच. परंतु भीतीचे जे वातावरण आधीपासून साचत गेले, ते एका बोटाने पुढे ढकललेल्या असंख्य संदेशांतून. त्या वेळी व्हॉट्सॲपच्या एका गटात २५६ माणसे मावत. एकाने पाच भरलेल्या गटांत निरोप धाडला तर तो १,२७५ जणांपर्यंत जाऊ शकत असे, आणि त्या प्रत्येकाच्या हाती तेच बटण. शिवाय २०१६पासून हे संदेश कुलूपबंद स्वरूपात जातात. मधल्या मार्गावर खुद्द कंपनीलाही त्यांतील मजकूर वाचता येत नाही. खासगीपणासाठी ही व्यवस्था उत्तमच आहे. मात्र तिचा अर्थ असाही होतो की खोटा संदेश अडविण्याची जागा मुख्यतः एकच उरते. ती म्हणजे तो पुढे पाठविणाऱ्याचे बोट.

या घटनेनंतर केंद्र सरकारने कंपनीला खडसावले. त्याच महिन्यात पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण येऊ लागली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पाठविण्याची मर्यादा घालण्यात आली. एप्रिल २०२०मध्ये, वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल असे ठरले. त्यानंतर अशा संदेशांचा प्रसार ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. म्हणजे जे घर्षण वर्षानुवर्षे झिजवून काढले, तेच प्रोग्रॅमरांना परत बसवावे लागले.

व्यापारी समाजाला यात नवीन काही वाटू नये. आपल्या पूर्वजांच्या व्यवहारात शाहजोग हुंडी होती. ती हाती असणाऱ्या कोणालाही तिचे पैसे मिळत नसत; बाजारात पत असलेल्या ‘शाह’मार्फतच ती वटत असे. पैसे देणारा आधी चौकशी करी, की समोरचा खरोखर शाह आहे काय. आणि हुंडी पुढे चोरीची वा बनावट निघाली, तर पैसे घेणाऱ्या शाहला ती रक्कम व्याजासह परत करावी लागे. थोडक्यात, कागद ज्याच्या हातून पुढे जाई, त्याची पत त्या कागदामागे उभी असे. ही चौकशी होती म्हणूनच अनोळखी गावीही हुंडी चाले.

आज आपल्या कुटुंबाच्या आणि समाजाच्या गटांत येणाऱ्या निरोपाला हीच कसोटी लावावी. मुलांचे अपहरण, एखाद्या औषधाचा गुण, बँक बुडाल्याची वार्ता, कोण्या समाजावरचा आरोप, अशा निरोपांच्या बाबतीत ती कटाक्षाने लावावी. हे प्रथम कोणी पाहिले? त्याचे नाव व गाव काय? त्याला फोन करून विचारता येईल का? ‘मला आले, म्हणून पाठविले’ हे उत्तर पेढीवर कधीच चालले नसते. ज्या गटाचे आपण चालक आहोत, तेथे असा निरोप कोणी टाकला तर सर्वांसमोर पाणउतारा न करता त्यास स्वतंत्रपणे फोन करून विचारावे. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत तर हे अगत्याचे. आणि निरोप खोटा ठरला, तर तो ज्या ज्या गटात आपण पाठविला, त्या त्या गटात खुलासाही आपणच पाठवावा. शाहने व्याजासह रक्कम परत करावी, तसेच हे आहे.