पिन टाकून पैसे काढले गेले, तर भुर्दंड कोणाचा?

व्हिडिओत वेळेअभावी राहिलेला मुद्दा इथे घेऊ.

समजा, सकाळी दुकान उघडताना मेसेज आला: तुमच्या करंट अकाउंटमधून एटीएमने ४०,००० रुपये काढले गेले. कार्ड तर तुमच्या खिशात! पैसे माल भरायला ठेवलेले. बँकेत गेलात तर बहुधा हेच ऐकाल, "पिन बरोबर पडलाय, म्हणजे तुम्हीच कोणाला तरी सांगितला असणार." इथे बरेच जण गप्प बसतात. तुम्ही बसू नका.

एटीएमच्या कार्ड घालायच्या जागी स्किमर बसवून कार्डाची नक्कल करतात आणि लपवलेल्या कॅमेऱ्याने पिन टिपतात. मग पिन बरोबर पडणारच की! रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाची जबाबदारी आहे हे बँकेने सिद्ध करायचं असतं, निर्दोष असल्याचा पुरावा तुम्ही द्यायचा नसतो.

पण घड्याळ तुमच्याकडे बघत असतं. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, अशा प्रकरणात मेसेज मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमचं नुकसान शून्य. (मेसेजचा दिवस मोजत नाहीत.) ४ ते ७ दिवस लावलेत, तर एमएसएमईच्या करंट, कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा फटका. मोठ्या करंट खात्यांना हीच मर्यादा २५,००० आहे, म्हणून उद्यम नोंदणीची प्रत बँकेत देऊन ठेवा. ७ दिवसांनंतर बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं. बँकेचाच दोष असेल, तर उशिरा कळवलं तरी तुमच्यावर काही येत नाही.

आता जरा कडू बोलतो. दुकानातल्या पोराला कार्ड देऊन, "पिन अमुक आहे, दोन हजार काढून आण," असं सांगता ना? तो निष्काळजीपणा धरला जातो. मग बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं. म्हणजे चूक आपली असली तरी लाजून दिवस घालवायचे नाहीत.

आणि खात्याला कोणाचा मोबाईल नंबर जोडलाय? जुना बंद पडलेला, की अकाउंटंटचा? मेसेज तिकडे गेला, तर तुमचे ३ दिवस तुम्हाला न कळताच संपतील.

पैसे गेले की आधी कार्ड ब्लॉक करा, तक्रार नंबर लिहून घ्या, १९३० वरही कळवा. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते, तीही व्यवहाराच्या तारखेपासून धरून, आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो. लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.