जुन्या मोटारीचा श्वास

मोटारगाडी पेट्रोलवर चालते असें आपण सहज म्हणतों. हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. एक भाग पेट्रोल पुरतें जळावयास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोल संपेपर्यंत एंजिनानें नऊ-दहा हजार लिटर हवा ओढून घेतलेली असते. पेट्रोलचा भाव आपणां सर्वांस तोंडपाठ असतो; पण ही फुकट मिळणारी हवा एंजिनांत कोठून येते आणि येतांना ती किती तापलेली असते, याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. आज आपण ती चौकशी करूं. जुन्या मोटारीस बाहेरची थंड हवा मिळावी म्हणून घरच्या घरीं एक नळी कशी बसवावी, तिच्यापासून लाभ किती आणि अपाय कोणता, हें मी सांगणार आहें.

उदाहरणासाठीं पुणें–नाशिक रस्ता डोळ्यांपुढें आणूं. जुन्या रस्त्यानें निघाल्यास राजगुरुनगर सोडल्यावर खेडचा घाट लागतो; पुढें पेठ येतें, आणि अवसरीचा घाट ओलांडला म्हणजे मंचर येतें. कांद्याबटाट्यांची ही मोठी बाजारपेठ. महिना मे, वेळ दुपारची, बाहेरचें उष्णतामान ४० अंश सेल्सिअस. अशा वेळीं एक जुनी प्रीमियर पद्मिनी चार माणसें व त्यांचें सामान घेऊन घाट चढत आहे, असें समजा. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीची, मुंबईंत कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली ही गाडी. मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें सेवेंतून निघाली. तरी हौसेनें जपलेल्या खासगी पद्मिनी अजून कित्येक घरांच्या दारांत उभ्या आहेत.

या गाडीचें एंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें, आणि शक्ति चाळीस अश्वशक्तींच्या आसपास. मिनिटास चार हजार फेरे घेतांना तें दर मिनिटास सुमारें पावणेदोन हजार लिटर हवा ओढतें. ही हवा कोठली? बॉनेटखालची. पुढें रेडिएटर असतो व त्याच्या मागें पंखा. रेडिएटरांतील पाण्यानें तापलेली हवा पंखा मागें ढकलतो. ती एंजिनावरून आणि धुराच्या तापलेल्या नळीवरून फिरते, व हवेच्या गाळणीचें तोंड तीच हवा आंत घेतें. घाटांत किंवा बाजारच्या गर्दींत गाडी मंद चालली म्हणजे या जागेंतील हवा ७० अंशांपर्यंत सहज जाते.

तापलेली हवा विरळ होते, हें आपण शाळेंत शिकलों आहों. त्याचा हिशेब असा. हवेची घनता निरपेक्ष उष्णतामानाच्या व्यस्त प्रमाणांत असते. ४० अंश म्हणजे निरपेक्ष मापानें ३१३ आणि ७० अंश म्हणजे ३४३. ३१३ ला ३४३ नें भागिलें असतां सुमारें ०.९१ येतात. याचा अर्थ, बाहेरच्या हवेच्या तुलनेनें बॉनेटखालच्या प्रत्येक घोटांत शेंकडा नऊ भाग हवा कमी असते. शिवाय आपण पठारावर आहों. समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीवरील पुण्यांतच हवेचा दाब मुंबईपेक्षां शेंकडा सहा-सात भागांनीं कमी असतो. उंचीपुढें आपला इलाज नाहीं. उष्णतेपुढें मात्र थोडा आहे.

आतां लाभाची गोष्ट. हवा शेंकडा नऊ भाग वाढली म्हणून शक्तिही शेंकडा नऊ भाग वाढेल, असें समजूं नये. नळ्यांतून व झडपांतून जातांना हवा पुन्हा तापते. म्हणून वाढ साधारणपणें त्याच्या निम्मी, म्हणजे शेंकडा चार-पांच भाग धरावी. चाळीस अश्वशक्तींच्या गाडीस ती दोन अश्वशक्तींच्या आंतबाहेर होते. घाटाच्या वळणावर मागून मालमोटार येत असतां ही दोन अश्वशक्ति जाणवते. सपाट रस्त्यावर ती जाणवणार नाहीं. सपाट रस्त्यावर आपण पाय अर्धवटच दाबलेला असतो, म्हणजे हवेचा मार्ग आपणच अडवून धरलेला असतो. तेथें दाट हवा आली तर पाय किंचित् कमी दाबावा लागतो, इतकेंच. म्हणून या नळीनें पेट्रोलची बचत होईल, ही आशा धरूं नये.

आणखी एक समज आहे. नळीचें तोंड पुढें केलें म्हणजे वेगामुळें हवा एंजिनांत कोंबली जाते, असें कित्येकांस वाटतें. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जो वाढीव दाब मिळतो तो हवेच्या मूळ दाबाच्या हजारांत दीड-दोन भागांहून अधिक नसतो. तेव्हां त्या लोभानें नळीचें तोंड सरळ वाऱ्यापुढें धरण्याचें कारण नाहीं.

नळी बसविण्यापूर्वीं मोजणी करावी. लांब तारेचा विजेवर चालणारा उष्णतामापक अल्प किंमतींत मिळतो. त्याचें टोंक गाळणीच्या तोंडाशीं बांधावें, तार पंख्यापासून दूर घ्यावी, आणि दुपारीं एखादा घाट चढून यावा. सोबत्यानें आंकडे टिपून ठेवावे. बाहेरच्या व गाळणीपाशींच्या उष्णतामानांत दहा अंशांहून कमी अंतर आढळलें, तर नळीच्या खटाटोपांत पडूं नये. अंतर वीस-तीस अंशांचें निघालें, तरच पुढें जावें.

आतां रचना. मूळची गाळणी व तिचा डबा काढूं नये. त्यांच्याच तोंडाला नळी जोडावयाची आहे. नळीची आंतली रुंदी ६० मिलिमीटरांच्या आसपास असावी. म्हणजे हवेचा वेग सेकंदास दहा मीटरांच्या घरांत राहतो आणि एंजिनास ओढ पडत नाहीं. नळी उष्णता सोसणाऱ्या रबराची, आंत तारेचें वेटोळें असलेली घ्यावी. शेतांत पाणी नेणारा पीव्हीसीचा पाइप मंचरच्या बाजारांत स्वस्त मिळेल. पण ८० अंशांच्या सुमारास तो मऊ पडतो, म्हणून एंजिनाजवळ तो नको. नळी आंखूड असावी, वळणें थोडीं व मोठ्या बांकाचीं असावीं. धुराच्या नळीपासून ती शक्य तितकी दूर न्यावी. जवळून न्यावीच लागली तर मध्यें ॲल्युमिनियमचा पत्रा बोटभर अंतर राखून उभा करावा. दोन्हीं टोंकें क्लिपांनीं घट्ट आवळावीं, आणि नळीला मध्यें आधार द्यावा. नाहीं तर हादऱ्यांनीं ती घांसून फाटते.

नळीचें दुसरें तोंड पुढच्या जाळीच्या मागें, रेडिएटरच्या बाजूस ठेवावें. रेडिएटरच्या पुढें नव्हे, कारण एंजिन थंड ठेवणारी हवा अडविली तर लाभापेक्षां तोटा मोठा होईल. त्या तोंडावर जाड तारेची जाळी बसवावी, म्हणजे पानें व पांखरांचीं पिसें आंत जाणार नाहींत.

इथपर्यंतचें काम पत्र्याचा कोणीही कुशल कारागीर अर्ध्या दिवसांत करील. विचार करण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. एंजिनास थंड हवा पाहिजे हें खरें. पण त्याआधीं ती कोरडी पाहिजे आणि स्वच्छ पाहिजे.

पाण्याचें आधीं पाहूं. मंचरहून घोडेगांव-डिंभ्याच्या मार्गानें भीमाशंकरास निघालें, तर पावसाळ्यांत कोरड्या माळावरून मुसळधार पावसांत जावयास फार वेळ लागत नाहीं. जुन्नरकडून माळशेज घाटांत उतरतांनाही तेंच. थंड हवेच्या हौसेनें नळीचें तोंड खालीं, बंपरजवळ नेलेलें असेल, तर फरशीवरून वाहणाऱ्या वीतभर पाण्यांत तें बुडतें आणि एंजिन हवेऐवजीं पाणी ओढतें. हवा दाबली जाते. पाणी दाबलें जात नाहीं. दट्ट्या वर येतो, पाणी वाट देत नाहीं, आणि दट्ट्यास जोडलेला दांडा वांकतो. दोन अश्वशक्तींच्या मोहापायीं सगळें एंजिन खोलावें लागतें, आणि जुन्या गाडीचे सुटे भाग आतां सहज मिळत नाहींत. म्हणून तोंड दिव्यांच्या रेषेच्या वर, बॉनेटच्या कडेखालीं असावें. नळीच्या सर्वांत सखल ठिकाणीं एक बारीक भोंक ठेवावें, म्हणजे उडालेलें पाणी तेथून ठिबकून जाईल. आणि रस्त्यावरील पाण्याची खोली ठाऊक नसेल, तर त्यांत गाडी घालूंच नये.

धुळीचें तसेंच. पुष्कळ ट्रॅक्टरांची हवा घेण्याची नळी बॉनेटच्याही वर उंच गेलेली असते व तिच्या माथ्यावर टोपी असते. ती शोभेसाठीं नव्हे. नांगरटीची धूळ जमिनीलगत दाट व वर विरळ असते, म्हणून ती उंची. धुळींतील वाळूचे कण सिलिंडरच्या भिंती कानसेप्रमाणें घांसतात. तेव्हां मूळची कागदी गाळणी काढून तिच्या जागीं मोठा आवाज करणारी उघडी गाळणी बसविण्याचा मोह आवरावा. आणि आपल्या नळीचा प्रत्येक सांधा गाळणीच्या अलीकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूस, येईल असें पाहावें. मग एखादा सांधा सुटला तरी धूळ गाळणींतच अडकेल.

दोन गोष्टी अजून. कार्ब्युरेटर हवेच्या आकारमानावरून पेट्रोल देतो, वजन त्याला कळत नाहीं. हवा दाट झाली म्हणजे मिश्रणांत पेट्रोलचें प्रमाण किंचित् कमी पडतें. म्हणून नळी बसविल्यावर धूर तपासून घेऊन कार्ब्युरेटर जुळवावा. आणि डिसेंबर-जानेवारींतील मंचरच्या गार पहाटेस हीच थंड हवा नकोशी होते. पेट्रोलची नीट वाफ होत नाहीं व गाडी अडखळते. याच कारणासाठीं जुन्या काळच्या कित्येक गाड्यांच्या गाळणीवर उन्हाळा व हिंवाळा अशा दोन खुणा कारखान्यांतूनच असत. आपणही हिंवाळ्यांत नळी काढून ठेवतां येईल अशीच जोडावी. उन्हाळ्यांत पेट्रोलच्याच नळींत वाफ धरून घाटांत गाडी बंद पडते, तो विकार मात्र निराळा. त्यासाठीं पंपावर ओलें फडकें टाकण्याचा जुना उपाय आहे. आपली नळी त्याला औषध नव्हे.

कायद्याविषयीं एक शब्द. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणीपुस्तकांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल गाडींत करण्यास मनाई आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं तपासणीनंतर पुन्हा करावी लागते. म्हणून पत्रा कापूं नये, कांहीं कायमचें जोडूं नये. तासाभरांत गाडी मूळ स्थितींत आणतां यावी.

नव्या गाड्यांच्या धन्यांनीं या भानगडींत पडूं नये. त्यांत कार्ब्युरेटर नसतो, आणि बाहेरची हवा पुढून घेणारी नळी कारखान्यानेंच बसविलेली असते. आपण जुन्या गाडीस जें देऊं पाहतों तें तेंच आहे. आपली नळी तिला नवें बळ देत नाहीं. उष्णतेनें हिरावलेलें थोडें परत मिळवून देते. तें मिळवितांना पाणी व धूळ यांना दार उघडलें नाहीं, म्हणजे हें काम साधलें. घाटावर थोडी सुखानें चढलेली आणि पावसाळा ओलांडून तितकीच सुखरूप राहिलेली गाडी, हीच त्याची परीक्षा.