गर्दीच्या हाती ख्रिस्त

जुलै २०१२मध्ये ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर प्रेक्षकांनी मतं देऊन येशू ख्रिस्त निवडला. कार्यक्रमाचं नाव होतं ‘सुपरस्टार’. परीक्षकांमध्ये खुद्द संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर बसलेले, सोबत स्पाइस गर्ल्समधली मेलनी सी. बेन फॉर्स्टर नावाचा गायक जिंकला आणि २१ सप्टेंबरला लंडनच्या ओ-टू अरेनात येशू म्हणून उभा राहिला. आता गंमत पाहा. त्याच प्रयोगात हेरोद राजा झाला होता रेडिओ निवेदक ख्रिस मॉइल्स, आणि त्याचा दरबार म्हणजे टीव्हीवरचा गेम शो. समोर आणलेला कैदी खरा देव की भोंदू, यावर तो हसतखेळत लोकांचा कौल मागतो. ज्या माणसाला लोकांनी घरबसल्या निवडून दिलं, त्यालाच मंचावर लोकांच्या मतासाठी उभं केलं. हा उपरोध निर्मात्यांनी जाणून साधला की अनवधानाने साधला गेला, याचा निकाल प्रयोग पाहूनही लागत नाही. पण ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक ऑपेराची सगळी गोम त्या एका प्रवेशात आहे.

नवं रूप म्हणजे नवे कपडे, अशी समजूत या नाटकाच्या दिग्दर्शकांनी वर्षानुवर्षं करून घेतली. झगे गेले, लेदर आलं. लेदर गेलं, हूडी आली. माझं मत वेगळं आहे. या कथेत येशू आणि त्याला दगा देणारा शिष्य यहूदा यांच्याइतकंच वजन एका तिसऱ्या पात्राचं आहे, ते म्हणजे गर्दी. झावळ्या हलवून ‘होसान्ना’ म्हणणारी आणि थोड्याच दिवसांत ‘क्रूसावर द्या’ म्हणून ओरडणारी तीच माणसं. ज्या रूपांतराला या गर्दीचं काय करायचं ते कळलं, ते टिकलं. बाकीच्यांचे कपडे तेवढे जुने झाले.

या रॉक ऑपेराचं मूळ नाटकातही नाही, तबकडीत आहे. १९७०मध्ये लॉइड वेबर बावीस वर्षांचे होते आणि गीतकार टिम राइस त्यांच्याहून तीनेक वर्षांनी मोठे. असल्या विषयावरचं नाटक रंगमंचावर आणायला निर्माता मिळेना, म्हणून त्यांनी आधी दोन तबकड्यांचा अल्बम केला. डीप पर्पलचा इयन गिलन येशू झाला, मरे हेड यहूदा, इव्हॉन एलिमन मरीया मग्दालीया आणि बॅरी डेनेन रोमन सुभेदार पिलात. ब्रिटनमध्ये अल्बमची फारशी दखल घेतली गेली नाही. अमेरिकेत मात्र बिलबोर्डच्या यादीत १९७१ या अख्ख्या वर्षाचा अव्वल अल्बम तोच ठरला. म्हणजे नाटक उभं राहण्याआधीच त्यातली गाणी लाखो घरांत पाठ झाली होती. नंतरच्या प्रत्येक दिग्दर्शकाच्या मानेवर हे भूत बसलेलं आहे. प्रेक्षक नाटक पाहायला येतो तेव्हा कानात गिलनची किंकाळी घेऊनच येतो.

संगीताबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. यात बोललेला संवाद जवळजवळ नाहीच. सगळं गायलं जातं. ‘एव्हरीथिंग्ज ऑलराइट’ हे मरीयेचं अंगाईसारखं गाणं पाच मात्रांत बांधलंय. देवळातल्या बाजाराचा प्रवेश सात मात्रांत धावतो, आणि त्या एका कमी मात्रेमुळेच व्यापाऱ्यांची धक्काबुक्की अंगावर येते. गेथशेमाने बागेतलं येशूचं गाणं कुजबुजीपासून सुरू होऊन अशा स्वराला जातं, की तिथे भल्याभल्या गायकांचा गळा उघडा पडतो. हेरोदाचं गाणं मात्र थेट जुन्या रॅगटाइमच्या चालीवर. आपल्याकडे कीर्तनकार गंभीर आख्यान ऐन रंगात असताना मध्येच आजच्या पुढाऱ्याला चिमटा काढतो, त्या जातीचं ते आहे. म्हणूनच बहुतेक प्रत्येक आवृत्तीत हेरोदाला त्या त्या काळातला एखादा प्रसिद्ध विनोदवीर, निवेदक किंवा तारा मिळतो.

ब्रॉडवेवर हे १२ ऑक्टोबर १९७१ रोजी मार्क हेलिंजर थिएटरात आलं. ‘हेअर’ हे संगीतनाटक गाजवलेल्या टॉम ओहॉर्गन यांनी ते भव्य आणि भडक केलं आणि ते लॉइड वेबर यांना अजिबात रुचलं नाही. बाहेर ख्रिस्ती संघटना निदर्शनं करत होत्या, ज्यू संघटनाही नाराज होत्या. प्रयोग ७११ झाले. (पुढे हे थिएटरच एका चर्चने घेतलं. तिथे आता ‘टाइम्स स्क्वेअर चर्च’ची उपासना चालते. नियतीलाही नेपथ्यबदलाची हौस असते.) लंडनच्या पॅलेस थिएटरात जिम शार्मन यांचा त्यामानाने साधा प्रयोग १९७२ ते १९८० चालला आणि ३,३५८ प्रयोगांवर थांबला.

याच दशकात मुंबईत अलेक पदमसी यांनी ते इंग्रजीतूनच बसवलं. यहूदाच्या भूमिकेत होता नंदू भेंडे, म्हणजे आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा. मराठी रंगभूमीच्या घरातला पोरगा रॉकच्या गळ्याने यहूदा गातो, हे तेव्हाच्या दक्षिण मुंबईतल्या इंग्रजी नाट्यवर्तुळालाही नवं होतं. पुढे १९७८मध्ये पु. ल. देशपांड्यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून लिहिलेलं ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेल यांनी थिएटर अकॅडमीसाठी बसवलं. त्याच्या संगीतात भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्या जोडीला नंदू भेंडेचा रॉक होता. मराठी रंगमंचावर गिटार आणि लावणी एकाच रात्री ऐकू आली, त्यामागे यहूदाच्या भूमिकेत घासलेला तो गळा होता, असं मी म्हणतो. नंदू भेंडे २०१४मध्ये गेला. त्याच्या वाट्याला आलेली ओळख त्याच्या गळ्याच्या मानाने फारच थोडी होती.

पडद्यावरचं पहिलं रूप नॉर्मन ज्युइसन यांचं, १९७३चं. ते ‘फिडलर ऑन द रूफ’ चित्रित करत असताना त्यात काम करणाऱ्या बॅरी डेनेनने अल्बमकडे त्यांचं लक्ष वेधलं. ज्युइसन आपला ताफा घेऊन थेट इस्राएलमध्ये गेले. नेगेव वाळवंट, अवदातचे भग्नावशेष, बेत गुव्रिनच्या गुहा अशा खऱ्याखुऱ्या जागी त्यांनी चित्रण केलं. खऱ्या जागेवर खोटेपणा लपवायचा नाही, ही त्यांची युक्ती. सुरुवातीलाच एक धुळकट बस वाळवंटात येते, तिच्यातून हिप्पी पोरंपोरी उतरतात, टपावरून क्रूस उतरवतात, पोशाख चढवतात आणि नाटक सुरू होतं. शेवटी सगळे पुन्हा बसमध्ये चढतात. येशू झालेला टेड नीली त्यांच्यात दिसत नाही. मूळ नाटकातही पुनरुत्थान नाही. ते संपतं योहानाच्या शुभवर्तमानातल्या थडग्याचा उल्लेख करणाऱ्या वचनाचं नाव दिलेल्या एका शब्दहीन सुरावटीवर. अनेक धर्मगुरूंचा मुख्य आक्षेप त्यावरच होता.

ज्युइसन यांनी आधुनिकता कपड्यांत कमी आणि वस्तूंत जास्त आणली. देवळाच्या बाजारात पोस्टकार्डांच्या शेजारी बंदुका विकायला आहेत. कार्ल अँडरसनचा यहूदा वाळवंटात एकटा असताना टेकडीआडून रणगाडे येतात आणि त्याच्या मागे लागतात. डोक्यावरून लढाऊ विमानं जातात. चित्रपट अमेरिकेत ऑगस्टमध्ये लागला आणि ६ ऑक्टोबर १९७३ला इस्राएल आणि अरब देशांमध्ये योम किप्पूर युद्ध पेटलं. पन्नास वर्षांनंतरही तो प्रवेश जुना वाटत नाही. कारण दुर्दैवाने त्या प्रदेशातले रणगाडेच जुने झालेले नाहीत.

त्या चित्रपटावर दोन आरोप झाले. ते आजही विचारात घ्यावे लागतात. एक, कयफा आणि हन्ना या याजकांना काळ्या वस्त्रांत, मचाणावर गिधाडांसारखं बसवून ज्यू लोकांविषयीचा जुना विखार पुन्हा जागवला. दोन, विश्वासघातकी यहूदा काळा आणि येशू गोरा. पहिला आरोप पूर्ण खोडता येत नाही. पिलातापेक्षा याजक अधिक दुष्ट दिसतात, ही अडचण मूळ संहितेतच आहे. दुसऱ्या आरोपाला अँडरसननेच उत्तर दिलं. त्याचा यहूदा खलनायक नाही. गर्दी आपल्या मित्राला देव करून टाकतेय आणि त्याचा बळी जाणार, हे ओळखणारा तो एकटाच शहाणा माणूस आहे. अख्ख्या चित्रपटात सगळ्यांत जिवंत तोच.

पडद्यावरची नंतरची आवृत्ती २००० सालची. गेल एडवर्ड्स यांनी १९९६मध्ये लंडनच्या लायसियम थिएटरात जे बसवलं होतं, त्यावरून निक मॉरिस यांच्यासह पाइनवूड स्टुडिओत तिचं चित्रण झालं. भिंतींवर ग्राफिटी, सैनिकांच्या अंगावर काळी चिलखतं, हातात स्वयंचलित बंदुका. ग्लेन कार्टर येशू, जेरोम प्रादों यहूदा आणि हेरोद म्हणून विनोदी नट रिक मेयल. हिला आंतरराष्ट्रीय एमी मिळालं आणि विलायतेत तिचे भक्त बरेच आहेत. मला ती सगळ्यांत कमी पटते. प्रेक्षकांविना, बंद स्टुडिओत, कॅमेरा चेहऱ्यांना चिकटवून सगळं टिपल्यामुळे गर्दीच नाहीशी झाली. उरले ते घामेजलेले चेहरे आणि लेदर. प्रादोंचा तडफडणारा यहूदा सोडला तर बाकी सगळ्यावर नव्वदीच्या दशकाची तारीख ठळक छापलेली आहे.

सुरुवातीला सांगितलेल्या २०१२च्या अरेना दौऱ्यात दिग्दर्शक लॉरेन्स कॉनर यांनी गर्दी परत आणली. वर्षभरापूर्वीच लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलपुढे आर्थिक विषमतेविरुद्धच्या ‘ऑक्युपाय’ चळवळीने तंबू ठोकले होते. कॉनर यांचे शिष्य तसेच तंबूत राहतात, आणि याजक म्हणजे सुटाबुटातले कॉर्पोरेट अधिकारी. मागे अजस्र पडदा, त्यावर बातम्या आणि संदेश सरकत असतात. यहूदा झालेला टिम मिंचिन हा ऑस्ट्रेलियाचा विनोदकार, जाहीरपणे निरीश्वरवादी, आणि कदाचित म्हणूनच त्याचे प्रश्न खरे वाटतात. अरेनातले प्रेक्षक लांबच्या नटाऐवजी त्याचा पडद्यावरचा चेहरा पाहत होते. बर्मिंगहॅमला झालेल्या चित्रीकरणात आपण पडदा पाहणाऱ्यांचा पडदा पाहतो. प्रसिद्धी म्हणजे काय, हे यापेक्षा नेमकं कोणत्याही पोशाखाने सांगितलं नसतं. खेद एवढाच की ध्वनिमुद्रणात आवाज घासूनपुसून इतके सरळ केलेत, की रॉकचा खरखरीतपणा कुठे गेला ते शोधावं लागतं. हीच आवृत्ती १० एप्रिल २०२०ला, टाळेबंदीतल्या गुड फ्रायडेला, लॉइड वेबर यांच्या पुढाकाराने यूट्यूबवर मोफत दाखवली गेली. गर्दीचं नाटक गर्दीला बंदी असताना, ज्याच्या त्याच्या घरात.

मधल्या काळात रंगमंचावर टिमथी शीडर यांनी २०१६मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या खुल्या थिएटरात फार बुद्धीने काम केलं. त्यांनी हातातल्या मायक्रोफोनलाच नाट्यवस्तू बनवलं. चांदीची नाणी घेतलेल्या यहूदाचे हात रुपेरी होतात आणि ते काही केल्या पुसले जात नाहीत. फटक्यांच्या प्रवेशात रक्ताच्या जागी अंगावर चमकी उधळली जाते. या प्रयोगाला पुढच्या वर्षी ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. त्याचं कुणी नीट चित्रण केलं असतं, तर पडद्यावरच्या आवृत्त्यांत मी ते वर ठेवलं असतं.

आणि मग १ एप्रिल २०१८, ईस्टरचा रविवार. ब्रुकलिनमधल्या मार्सी अव्हेन्यू आर्मरी या जुन्या लष्करी इमारतीतून एनबीसीने हे नाटक थेट प्रक्षेपित केलं. रंगमंचाचे दिग्दर्शक डेव्हिड लेव्हो, कॅमेऱ्यांचे ॲलेक्स रुझिन्स्की. जॉन लेजंड येशू, सारा बरेलिस मरीया, ब्रँडन व्हिक्टर डिक्सन यहूदा. हेरोद होता ॲलिस कूपर, ज्याने १९९६च्या लंडन ध्वनिमुद्रणातही हेच गाणं गायलं होतं. येशूही काळा आणि यहूदाही काळा, त्यामुळे ४५ वर्षांपूर्वीचा तो आरोप गैरलागू झाला. लेजंडचा गळा सोलचा, मुलायम. गेथशेमानेत तो कमी पडतो, हे मान्य करायला हवं. पण लेव्हो यांनी प्रेक्षकांना नटांच्या अगदी पायाशी उभं केलं आणि नव्वद लाखांहून जास्त घरबसल्या प्रेक्षकांना त्या उभ्या गर्दीतून नाटक दाखवलं. लोक नको तिथे किंचाळतात, आवडता गायक दिसला की आरोळ्या ठोकतात. समीक्षकांपैकी काहींना हे रसभंग करणारं वाटलं. मला तर तोच रस वाटला. होसान्नाच्या प्रवेशात येशूकडे हात लांबवणारी माणसं एक्स्ट्रा नव्हती, ती पॉप स्टारसाठी आलेली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर अभिनयाने आणता येणार नाही असा हावरटपणा होता. जाहिरातींचे ब्रेकही असह्य झाले नाहीत. देवळातला बाजार दर दहा-बारा मिनिटांनी आपोआप भरत होता. या प्रक्षेपणाला एमी मिळालं आणि त्यामुळे लेजंड, राइस आणि लॉइड वेबर अशा तिघांचाही एमी, ग्रॅमी, ऑस्कर आणि टोनी असा चौकोन एकाच रात्री पुरा झाला.

ऑगस्ट २०२५मध्ये हॉलिवूड बोलच्या खुल्या रंगमंचावर सिंथिया एरिव्हो ही काळी अभिनेत्री येशू झाली आणि ॲडम लॅम्बर्ट यहूदा. स्त्रीने ख्रिस्त व्हावं का, यावर अमेरिकेत प्रयोगाआधीच वाद पेटला. १९७१मध्ये थिएटरच्या दाराशी होणारी निदर्शनं आता फोनवर होतात, एवढाच फरक.

ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आधी १९७०चा अल्बम ऐका, दिवे मालवून, अखंड. मग ज्युइसन यांचा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहता आला तर पाहा. २०१८चं प्रक्षेपण त्यानंतर, आणि शक्यतो चारचौघांत, आवाज मोठा ठेवून. २०१२चं सवडीने. २०००चं पाहायचंच असेल, तर प्रादोंसाठी.